तिचा आवाज रेडिओवर होता

आमच्या मुलीचा आवाज बसला, तो नेमका तिचं गाणं रेडिओवर लागायला लागलं त्याच सुमारास.

सुरुवातीला कोणीच मनावर घेतलं नाही. हिवाळा संपत आला की साउथहॅम्प्टनमध्ये सगळ्यांचेच घसे धरलेले असतात. त्यात ती एकोणीस वर्षांची, तीन मुलांबरोबर एका जुन्या व्हॅनमधून गावोगाव हिंडत होती. आज लेस्टरला गायची, उद्या कार्डिफला, आणि मधे मोटरवेवरच्या कुठल्यातरी सर्व्हिस स्टेशनवर थंडगार सँडविच खायची. घसा बसणार नाही तर काय होणार? मी फोनवर हळद-दूध घ्यायला सांगायचे, ती "हो आई, हो आई" म्हणायची. पीत नसणार हे मला कळत होतं. व्हॅनमध्ये दूध तापवणार कोण?

चौघंही एकाच शाळेतली. मी गावातल्या दुसऱ्या शाळेत गणित शिकवत होते. शाळा निवडताना तिने घातलेली ही एकच अट होती, की आई जिथे शिकवते ती नको. गिटार वाजवणारा मुलगा आमच्याच रस्त्यावरचा, तांबड्या केसांचा, आमच्या फ्रिजला स्वतःचा फ्रिज समजणारा. ड्रम वाजवणाऱ्याच्या वडिलांचं मोठं गॅरेज होतं, तिथे त्यांची प्रॅक्टिस चालायची. बेस वाजवणारा इतका कमी बोलायचा, की तो घरात आहे हे मला बुटांवरून कळायचं. गायची आमची मुलगी. दहा वर्षांची असताना मी तिला पेटी शिकायला हॅरोला एका बाईंकडे नेलं होतं, परत येताना ट्रेनमध्ये ती म्हणाली होती, "आई, छान होतं, पण मला मोठ्याने गायचंय."

आधी शाळेच्या हॉलमध्ये, मग पबमध्ये, मग त्यांनी एक गाणं इंटरनेटवर टाकलं आणि बघता बघता ते कुठल्या कुठे पोचलं. लंडनहून एक बाई त्यांना ऐकायला आली आणि त्यांची मॅनेजर झाली. एका रेकॉर्ड कंपनीने करार केला. मुलीला फार्मसीसाठी नॉटिंगहॅमला प्रवेश मिळाला होता, तो तिने एक वर्ष पुढे ढकलला. माझे यजमान इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. ते एवढंच म्हणाले, "एक वर्ष घे. मग बघू." त्यांना ते आवडलं नव्हतं आणि त्यांनी तिला अडवलंही नाही.

तर एका सकाळी ती टूरवरून घरी आली, स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, चहा आहे का?" त्यातला "आई" ऐकू आला. पुढे नुसती हवा.

यजमानांनी पेपर खाली ठेवला. "परत बोल."

ती परत बोलली. या वेळी खरवडल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि तीच हसली. ते हसले नाहीत.

"कधीपासून?"

"माहीत नाही, बाबा. महिना झाला असेल."

त्यांनी त्याच दिवशी जीपीला, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन केला.

घसा तपासणाऱ्या सर्जन स्कॉटलंडच्या होत्या, यजमानांच्या ओळखीच्या. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि आम्हाला पडद्यावर दाखवलं. स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडतायत, मिटतायत. त्यातल्या डाव्या पट्टीवर लालसर फुगवटा, मसुराच्या दाण्याएवढा. सर्जनबाई मुलीशी फार छान बोलल्या. काढून टाकू, तपासायला पाठवू, काळजी करू नकोस. मग यजमानांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "एकाच बाजूला आहे."

घरी जाताना मुलगी मागच्या सीटवर झोपली, तेव्हा मी विचारलं, "अहो, एकाच बाजूला म्हणजे काय?"

"गाणाऱ्यांना गाठी येतात त्या बहुतेक दोन्हीकडे येतात."

"आणि एकाच बाजूला आली तर?"

"बहुतेक साधंच असतं. सर्दी असताना जोर लावून गायलं की बारीक रक्तवाहिनी फुटते. तिचं वय बघता बहुतेक तेच."

तीस वर्षं दुसऱ्यांना बेशुद्ध करून शुद्धीवर आणणारा हा माणूस घरात कधी मोघम बोलत नाही. त्यांच्या तोंडून तीन वेळा "बहुतेक" ऐकल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही.

ऑपरेशन लगेच झालं. छोटंसं, दुपारी घरी. पण त्यानंतर पूर्ण मौन. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजताना घशावर उलट जास्त ताण येतो. आणि रिपोर्ट यायचा होता. गाण्याची सीडी पुढच्याच आठवड्यात दुकानांत येणार हे कधीच ठरलेलं होतं. ते आता कोणी थांबवू शकत नव्हतं.

मी शाळेतून छोटे पांढरे बोर्ड आणले, मुलं वर्गात उत्तरं लिहून वर धरतात ते. एक स्वयंपाकघरात, एक तिच्या खोलीत, एक गाडीत. ती बहुतेक इंग्रजीतच लिहायची, पण माझ्यासाठी कधीकधी शनिवारच्या मराठी वर्गातली देवनागरी बाहेर काढायची. एकदा "भूक लागला" असं लिहून तिने बोर्ड वर धरला. एरवी यजमान तिची एकही चूक सोडत नाहीत. त्या दिवशी ते उठले आणि चुपचाप तिच्यासाठी ऑम्लेट करायला लागले.

शनिवारी मी तिला सुपरमार्केटमध्ये घेऊन गेले, निदान घराबाहेर पडेल म्हणून. दह्याच्या डब्यांपाशी आलो आणि वर छतातल्या स्पीकरमधून तिचा आवाज सुरू झाला. स्वच्छ, उंच, कुठेही न अडखळणारा. आम्ही दोघी ट्रॉली धरून उभ्या राहिलो. डबे रचणारी मुलगी गुणगुणायला लागली. आम्ही तिच्याकडे बघतोय हे पाहून ती लाजली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "काय मस्त आहे ना हे? काय आवाज आहे तिचा!"

माझ्या मुलीने मान हलवली. अंगठा वर केला. मला सांगून टाकावंसं वाटत होतं, शब्द अगदी ओठांवर आले होते, पण तिने ट्रॉलीच्या दांड्यावरचा माझा हात घट्ट दाबला. नको. गाडीत बसल्यावर मात्र तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आवाज न काढता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग मीही हसले, दोघींच्या वाटचं मोठ्याने.

दरम्यान कंपनीतल्या कोणीतरी सुचवलं, की रेडिओच्या लाइव्ह कार्यक्रमांपुरती दुसरी गायिका घ्यावी. हे आम्हाला कळलं तांबड्या केसांच्या मुलाकडून. तो आईने केलेला लिंबाचा केक घेऊन आला, दारातच उभा राहिला आणि मुलीला म्हणाला, "आम्ही तिघांनी त्यांना सांगितलंय, तू नाहीस तर आम्हीही नाही. मॅनेजरही आमच्या बाजूने आहे. तुला काही लिहायची गरज नाही, फक्त सांगायला आलो." तिने बोर्ड उचलला होता तो खाली ठेवला आणि पुढे होऊन त्याला मिठी मारली. केक मी सांभाळला.

मग टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. तिथे सगळे नुसते ओठ हलवतात, गाणं रेकॉर्डवरचं वाजतं. सर्जनबाई म्हणाल्या, "ओठ हलवायला माझी ना नाही. पण घशातून काही निघता कामा नये." आणि तिथेच अडचण होती. जे गाणं शेकडो वेळा गायलंय, ते वाजायला लागल्यावर घसा आपोआप त्याच्याबरोबर जातो. मुलीने बोर्डवर लिहिलं: मी विसरून गायले तर?

यजमान म्हणाले, "सराव करू."

आमच्या बैठकीच्या खोलीत सीडी लावली. ती खिडकीपाशी उभी राहिली. त्यांनी दोन बोटं तिच्या गळ्यावर अगदी हलकी टेकवली, ऑपरेशन टेबलावर नाडी बघतात तशी. गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला ते म्हणाले, "थरथरला. परत." पुन्हा गाणं. "कोरसला गेलीस. परत." मी मागे सोफ्यावर वह्या तपासत बसले होते, पण एकही वही पुढे सरकली नाही. बाप डोळे मिटून मुलीच्या गळ्यातली शांतता तपासत होता आणि मुलगी अख्खं गाणं तोंडाने म्हणत होती. शेवटी एकदा गाणं संपलं, त्यांनी बोटं काढली आणि म्हणाले, "काही नाही. एकदाही नाही." तिने त्यांच्या गालाचा पापा घेतला. त्या गाण्याबद्दल त्यांनी तोवर एक शब्दही काढला नव्हता. तेव्हा म्हणाले, "चाल चांगली आहे."

टीव्हीचं शूटिंग होतं त्या दिवशी मी शाळेत होते. आठवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होते. दाराच्या काचेतून बघते तर बाहेर यजमान उभे. हॉस्पिटलचा बिल्ला गळ्यात तसाच. इतक्या वर्षांत ते माझ्या शाळेत कधी आले नव्हते. पण त्यांनी काचेपलीकडून दोन्ही हात जोरजोरात हलवले आणि ते हसत होते, सगळे दात दिसतील असे.

मी बाहेर आले.

"साधी गाठ आहे," ते म्हणाले. "रिपोर्ट मी स्वतः वाचला. पूर्ण साधी. परत कधी काही करावं लागणार नाही."

"तिला सांगितलं?"

"आधी तिलाच." तिला फोनवर बोलता येत नव्हतं, म्हणून निकाल बाबांना कळवा असं तिनेच सर्जनबाईंना लिहून दिलं होतं. यजमानांनी मॅनेजरला फोन करून सांगितलं, की फोन तिच्या कानाला लावा. मग त्यांनी तिला मराठीत सगळं सांगितलं आणि वाट बघितली. मग तिने फोनवर नखाने टकटक केलं. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना.

हे सांगता सांगता ते कॉरिडॉरमधल्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. मी शेजारी बसले. आत वर्गात गोंधळ सुरू झाला होता. मी तो होऊ दिला. इतके दिवस छातीवर काहीतरी ठेवलं होतं आणि मी त्याच्याखालूनच श्वास घेत होते, हे मला ते उचललं गेल्यावर कळलं.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले, तिघं मुलं, त्यांचे आईवडील, लंडनहून मॅनेजर. संध्याकाळी रेडिओवर त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त खपलेली गाणी चाळिसाव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत सांगत यायचे. मी बटाटेवडे तळत होते आणि प्रत्येक नंबरला झारा हातात धरून दारात येत होते. वीस गेला. दहा गेला. मॅनेजरला आधीच अंदाज असावा, पण ती चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हती. सहा गेला, पाच गेला, तेव्हा ड्रमरचे वडील म्हणाले, "संपलं बहुतेक, पोरांनो." आणि रेडिओवर त्यांच्या बँडचं नाव आलं. चौथा नंबर.

मुलं किंचाळली. न बोलणाऱ्या त्या मुलाने तर असा आवाज काढला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आमच्या मुलीने दोन्ही हात तोंडावर दाबले, मागचं दार उघडलं, ओल्या गवतावर आडवी झाली आणि टाचा आपटत राहिली. ड्रमरच्या वडिलांनी यजमानांना उचललंच. वड्यांचा एक घाणा करपला, तो आम्ही तसाच खाल्ला.

मौन संपायचा दिवस आला तेव्हा आम्ही तिघंही सर्जनबाईंच्या खोलीत होतो. कॅमेरा घालून झाला होता. पट्ट्या दोन्ही पांढऱ्या, सारख्या. बाई म्हणाल्या, "आता काहीही बोल. हळू, पण कुजबुज नको."

तिने आमच्याकडे बघितलं. यजमान भिंतीला टेकून उभे होते, ओठ घट्ट मिटून.

"बाबा," ती म्हणाली, "श्वास घ्या."

आवाज थोडा गंजलेला होता, सकाळी उठल्यावर असतो तसा. पण होता. अख्खा होता. यजमानांनी श्वास घेतला आणि सर्जनबाईंना मराठी कळत नसूनही त्या हसल्या.

नंतर दोन महिने आवाजाचे व्यायाम झाले. कोरस त्यांनी एक सूर खाली आणला. गाण्याचं त्यामुळे काही बिघडलं नाही. उन्हाळ्यात पोर्ट्समथला शाळकरी मुलांसाठी दुपारचा शो होता, तो आम्ही बाल्कनीतून पाहिला. खाली हजार पोरं तिच्याबरोबर गात होती. अवघड ओळीला तिने माइक त्यांच्याकडे वळवला. दमून नाही, मजेत.

त्यांचं पुढचं गाणं तिसाच्या खालीच राहिलं, त्यापुढचं पुन्हा पहिल्या दहात आलं. बँड आणखी काही वर्षं चालला आणि भांडण न होता थांबला. नॉटिंगहॅमची जागा तिने पुढच्याच वर्षी सोडून दिली. तसं कळवणारं पत्र टाकायला यजमानच पोस्टात गेले.

पण पोर्ट्समथला त्या दुपारी शो संपल्यावर ती मागच्या दाराने बाहेर आली, केस घामाने चिकटलेले, हातात चिप्सचा कागद. घरच्या जेवणाला यायचं म्हणून ती आमच्या गाडीत बसली आणि बोलायला लागली. माइक कसा घसरला, पुढच्या रांगेतली एक मुलगी कशी रडत होती, बेसवाला चक्क प्रेक्षकांशी कसा बोलला. मोटरवेवर आमचं वळण आलं. यजमानांनी आरशात तिच्याकडे बघितलं आणि ते वळण सोडून दिलं. पुढच्या जंक्शनवरूनही घरी जाता येतं. थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.