जुन्नरचा नवा फॉरवर्ड आणि आमचे मिस्त्री

"गळणार," असं मिस्त्री म्हणत. ट्यूब पाण्याच्या टपात दाबून धरलेली, नजर बुडबुड्यांवर, आणि बोलणं मात्र आमच्या फुटबॉल टीमविषयी चाललेलं. नवा खेळाडू कोण, कुठून आला, हे पुरतं ऐकूनही घ्यायचे नाहीत. ओला हात लेंग्याला पुसायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. "हा बी गळणार."

जुन्नरला शाळेच्या मैदानाकडे वळताना माझं बियाण्यांचं दुकान आहे. त्याला चिकटून त्यांचं पंक्चरचं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दोन दुकानांच्या मध्ये एक बाकडं होतं आणि त्यावर आमच्या टीमचे समर्थक बसत. समर्थक आपलं म्हणायचं. तुम्ही त्यांचं बोलणं ऐकलं असतंत, तर ही माणसं टीम बुडवायला जमली आहेत अशीच तुमची खात्री झाली असती.

मिस्त्री त्या सगळ्यांत कडू. ते स्वतः कधी खेळल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बॉल रेषेबाहेर त्यांच्याकडे आला तर पायाने मारायचे नाहीत. हातात उचलून, अंगठ्याने दाबून हवा बघायचे आणि एक शिवी घालून परत फेकायचे. तरी एकही सामना त्यांनी चुकवला नाही. बायको दवाखान्यात होती तेव्हासुद्धा मध्यंतरापर्यंत थांबून मग डबा घेऊन गेले, आणि त्यावरून घरात जे झालं ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

आमचा जुना फॉरवर्ड नोकरीसाठी चाकणला गेला आणि टीमला गोल मारणारा कुणी उरला नाही. तेव्हा दूधगाडीवाल्याने आहुप्याचा एक तरुण शोधून आणला. दूधगाडीवाला आंबेगावच्या डोंगराकडून दूध गोळा करायचा. भाताची कापणी झालेल्या खाचरात हा अनवाणी खेळताना त्याला दिसला होता. पोरगा घोडेगावात जेसीबी चालवायचा. टीमने त्याला बूट घेऊन दिले, जाण्यायेण्याचं पेट्रोल कबूल केलं, आणि बाकड्यावर तंटा सुरू झाला.

"मिस्त्री, पळतोय असा की मागं धूळ ऱ्हाती," दूधगाडीवाला म्हणाला.

"म्हैस उधळली तरी धूळ ऱ्हाती."

"एकदा बघा तरी."

"बघितला. डावा पाय त्याला नुसता उभं ऱ्हायला दिलाय. डोंगर चढणं येगळं आन गोल मारणं येगळं, भाऊ."

बाकड्यावरचे निम्मे हसले आणि निम्मे दूधगाडीवाल्याच्या बाजूने ओरडायला लागले. त्या संध्याकाळी माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक भांडणाला घाबरून बाहेरूनच परत गेलं.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच आला, मोटारसायकल ढकलत. मागचं चाक बसलेलं, अंगावर जेसीबीची धूळ. मिस्त्रींनी त्याला ओळखलं. टायर उघडताना वर न बघता म्हणाले, "इथं कशाला आला रं? आपलं खाचर बरं व्हतं."

"पंक्चर काढा," तो म्हणाला. "खेळायचं मी बघतो."

मिस्त्रींना तोंडावर असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी पंक्चर काढलं, हवा भरली, आणि तो गेल्यावर बराच वेळ पाना आपटत राहिले.

त्यानंतरचे सामने वाईट गेले. आहुपेकर, म्हणजे तो फॉरवर्ड, खूप धावायचा. पण गोलसमोर आला की बॉल कधी बाभळीत, कधी शाळेच्या पत्र्यावर. मिस्त्री रेषेवर त्याच्याच बाजूला उभे राहायचे. मध्यंतरानंतर टीमने बाजू बदलली की हेही सगळं मैदान ओलांडून पलीकडे जायचे, शिव्या त्याला नीट ऐकू जाव्यात म्हणून. "काढा त्याला! अय, जेसीबी हाये का पाय?" हळूहळू बाकीचेही ओरडायला लागले. एका सामन्यात तर आपल्याच लोकांनी त्याच्या अंगावर पाण्याच्या बाटल्या फेकल्या.

त्याने कॅप्टनला सांगितलं, "त्या म्हाताऱ्याला घरी बसवा, नायतर मी येत नाय." कॅप्टनने येऊन मिस्त्रींना हात जोडले. ते म्हणाले, "ग्राउंड काय त्याच्या आज्याचं हाये?" दूधगाडीवाल्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. गाडीत हवा भरायलासुद्धा तो नारायणगावच्या रस्त्यावरच्या पंपावर जायला लागला. बाकड्याचे दोन तट पडले. मी मधला, म्हणून दोन्हीकडून बोलणी खायचो.

मग घोडेगावला त्यांच्या टीमशी सामना आला. तिथले लोक आधीच तापलेले. आपल्या आंबेगाव तालुक्यातला माणूस जुन्नरकडून खेळतो, हे त्यांना झोंबलं होतं. खरं तर घोडेगावच्या टीमने त्याला कधी विचारलंही नव्हतं. तो मैदानात उतरला तशी "भाडोत्री! भाडोत्री!" अशी आरोळी उठली. मिस्त्री नेहमीप्रमाणे रेषेवर. घोडेगावकर एका बाजूने आणि आमचे मिस्त्री दुसऱ्या बाजूने असे मिळून त्याला सोलत होते.

सामना संपायला थोडा वेळ राहिला असताना आम्हाला पेनल्टी मिळाली. आहुपेकराने बॉल हातात घेतला, कुणालाही दिला नाही, स्वतः नेऊन ठेवला. सगळं मैदान बोंबलत होतं. मी मिस्त्रींच्या शेजारी होतो. आमच्या मागे उभा असलेला एक धिप्पाड माणूस मोठ्याने म्हणाला, "जुन्नरवाल्यांना माणसं मिळंनात म्हणून हे डोंगरातलं जनावर आणलंय. ह्यांना कुणी बूट घालायला शिकवलं?" आसपासचे हसले.

मिस्त्री मागे वळले. "काय म्हणला?"

"जनावर म्हणलो. तुमी बी तेच म्हणताय की मघाधरनं."

"मी त्याच्या खेळाला बोलतो," मिस्त्री म्हणाले. "तू त्याच्या माणसांना बोलला."

आणि त्यांनी त्या माणसाच्या कानफटात मारली. तो माणूस त्यांच्या दुप्पट होता. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. लोक दोरी तोडून आत घुसले. दूधगाडीवाला कुठून तरी आला आणि मिस्त्रींवर आडवा पडला. पंचांनी सामना रद्द केला. पेनल्टी तशीच राहिली. बॉल कुणीतरी लाथ मारून ओढ्यात घालवला.

मिस्त्रींच्या कपाळाला टाके पडले. आम्ही सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा आहुपेकर आला, चिखलाच्या कपड्यांतच. विचारपूस करायला आला असेल असं मला वाटलं.

"तुमाला कुणी सांगितलं व्हतं?" तो ओरडला. "मी लहानपणापासून ऐकतोय ते! मला सवय हाये. एक पेनल्टी मिळाली व्हती, एक. ती मारली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. तुमी ती बी घालवली."

मिस्त्री पट्टीखालून बघत म्हणाले, "बाहेर मारली असती तू."

तो त्यांच्या अंगावर धावून गेला. दूधगाडीवाल्याने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. धरल्या धरल्या दूधगाडीवाला हसायला लागला, मग मीही. ते दोघे मात्र हसले नाहीत.

त्यानंतर आहुपेकर जो खेळायला लागला तो रागानेच. शाळेच्या मैदानावर एकटा डाव्या पायाने भिंतीवर बॉल मारताना मी त्याला दुकान उघडता उघडता बघायचो. मिस्त्रीही बघायचे, पण शटरकडे तोंड करून, तिरक्या नजरेने. त्या मोसमात त्याने इतके गोल केले की पुण्याच्या एका क्लबची माणसं त्याला बघायला आली आणि घेऊनही गेली. बाकडं त्या दिवशी पेढे खात होतं. मिस्त्रींनी पेढा घेतला आणि म्हणाले, "इकडच्या गोलकीपरांना दिसत नाय, म्हणून ह्याचं फावलं. पुण्यात कळंल." दूधगाडीवाला पुन्हा भांडला. मात्र हवा भरायला आता तो इथेच यायचा.

गेल्या थंडीत मिस्त्री गेले. सकाळी शटर वर करताना छातीत कळ आली आणि तिथेच बसले. शेवटी माझ्या खांद्यावर डोकं होतं.

दहाव्याला आहुपेकर पुण्याहून आला. कुकडीच्या घाटावर माणसांपासून लांब उभा होता. मी जवळ गेलो तेव्हा त्यानेच सांगितलं.

"ते आले व्हते एकदा. पुण्याला. माझा पहिलाच सामना व्हता. कठड्यापाशी उभं राहून पंचाशी भांडत व्हते, मला पाडलं म्हणून. लई आरडाओरडा केला. दोघांनी धरून बाहेर काढलं त्यांना."

मला हे ठाऊक नव्हतं. एका रविवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं, मेहुण्याकडे कार्य आहे म्हणाले होते.

"मॅच संपली तसा बुटावरच गेटपर्यंत पळालो," तो म्हणाला. "रस्त्यावर ही गर्दी. ते जुन्नरची गाडी गाठायला निघून गेले व्हते."

"भेटले असते तर काय म्हणाला असतास?"



"भांडलो असतो, राव," तो म्हणाला, आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला.