जीपवरचा कॅमेरा

गर्दीवर लक्ष ठेवणारी माणसं मी एकदा अगदी जवळून पाहिली आहेत. ती सोफ्यावर बसून चहात बिस्किट बुडवत टीव्ही पाहत होती. तेव्हापासून कुठल्या मोठ्या कार्यक्रमात भोंग्यावरून ‘आपल्यावर कॅमेऱ्याची नजर आहे, निश्चिंत राहा’ असं ऐकलं की माझी निश्चिंती जाते. ते बिस्किट आठवतं.

माझ्या मोठ्या भावाचा सिंदेवाहीत फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग तो करायचा, आणि घरी बसून कॅसेटींचं मिक्सिंग मी. लग्नात आमची एक खास सोय असायची. मांडवात टीव्ही ठेवून कॅमेऱ्याची वायर त्याला जोडायची, म्हणजे मागच्यांनाही समोरचं दिसतं. पण नवरा-नवरी पाहायला कोण बसलंय! लोक टीव्हीसमोर येऊन उभे राहायचे ते आपण दिसतो का हे बघायला. एकदा दिसले की हलायचे नाहीत, परत दिसायची वाट बघायचे. तिकडे पंगती खोळंबायच्या आणि नवरीचा बाप आमच्यावर ओरडायचा.

अशाच एका लग्नात एक साहेब जेवायला आले होते. जत्रेचा बंदोबस्त त्यांच्याकडे होता. टीव्ही पाहून त्यांच्या डोक्यात कल्पना आली. नदीकाठच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत जीपच्या टपावर कॅमेरा लावायचा, जिथे गर्दी वाढेल तिथे जीप न्यायची आणि तंबूत बसून सगळीकडे लक्ष ठेवायचं. ‘फिरता कॅमेरा’ असं नावही त्यांनी ठेवलं. वायर पुरेल तेवढाच तो फिरणार होता, हे भावाने सांगून पाहिलं. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जत्रेच्या दिवशी भाऊ जीपच्या टपावर चढला आणि मी तंबूत टीव्हीजवळ बसले. तंबू कसला, लग्नाचा मांडवच तो. कुठल्याशा स्वागत समारंभातला लाल सोफा आणला होता, त्यावर साहेब आणि जिल्ह्याच्या गावाहून आलेले एक पुढारी पाहुणे. पुढाऱ्यांच्या हौसेखातर आणखी एक टीव्ही बाहेर, दोन टेबलं एकावर एक रचून, लोकांच्या वाटेकडे तोंड करून ठेवला होता. जनतेलाही व्यवस्था दिसली पाहिजे म्हणे.

नदीत आंघोळ करून लोक वर चढतात ती वाट चिंचोळी. दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले. त्या वाटेच्या वरच्या तोंडाशी वायर संपत होती, आणि चित्रही तिथूनच सगळ्यात छान येत होतं. म्हणून जीप तिथेच, अर्धी वाट अडवून उभी केली. आणि तिच्यासमोर तो बाहेरचा टीव्ही.

मी लग्नं पाहिलेली बाई. काय होणार ते मला तेव्हाच कळलं. लोक चढून यायचे, टीव्हीत स्वतःला पाहायचे आणि थांबायचे. हात हलवायचे, शेजारच्याला दाखवायचे. खालून माणसं येतच होती आणि वरची हलत नव्हती. दुपारपर्यंत त्या वाटेवर तीळ ठेवायला जागा उरली नाही.

“काय उत्साह आहे!” पाहुणे म्हणाले. साहेब खुलले. त्यांनी मला सांगितलं, “भावाला निरोप दे, जरा जवळून दाखव म्हणावं. पोरी नाचतायत तिकडे.” कोणी नाचत नव्हतं. पोरी धक्क्याने पुढेमागे होत होत्या. ते पाहून हसणाऱ्या त्या दोघांची मला शिसारी आली, आणि आजही येते.

निरोप गेल्यावर चित्र जवळ आलं, आणि त्यात मला आमच्या घरामागची बाई दिसली.

तिची धानाची शेती होती. रोवणीच्या दिवसांत आमच्या दारावरून जाताना मला हाक मारल्याशिवाय ती पुढे जायची नाही. दर जत्रेहून आमच्या घरी बत्ताशांची पुडी आणायची आणि माझ्या अम्मीच्या हातात द्यायची. माझी अम्मीही ईदला पहिला शिरखुर्मा तिच्याच घरी पाठवायची. तीच बाई आता जीपचा पत्रा आणि बांबू यांच्यामध्ये सापडली होती. एक हात वर, हातात पुडी. तोंड उघडं. टीव्हीला आवाज नव्हता, पण ती ओरडत होती हे कळायला आवाज कशाला लागतो?

मी उठले. “साहेब, जीप मागे घ्यायला सांगा. बाया दबून राहिल्यात तिथे.”

“दिसतंय ना आम्हाला,” साहेब म्हणाले. “त्यासाठीच तर कॅमेरा लावलाय.”

“दिसतंय तर माणसं पाठवा!”

“हे बघ, पाहुणे बसलेत. जीप हलली की चित्र जाईल. पाच मिनिटं थांब.” आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो चहा त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला. ओतला नाही. तंबूच्या मागून बाहेर धावले, टेबलावरच्या त्या टीव्हीची पिन बोर्डातून ओढून काढली.

पडदा काळा झाला. वाटेवरून एकच ‘अरेऽऽ’ उठला, लाइट गेल्यावर उठतो तसा. मग वर थांबलेल्यांना तिथे थांबायचं काही कारणच उरलं नाही. ती माणसं पुढे निघाली. मागच्यांना जागा झाली. एवढ्याशा गोष्टीने वाट मोकळी होत होती आणि ती करायला एकही माणूस सोफ्यावरून उठला नव्हता.

भावाने टपावरून उडी टाकली. आम्ही दोघांनी मिळून बाईला ओढून काढलं आणि झाडाखाली बसवलं. तिचा हात खांद्यातून लोंबत होता. बत्ताशांचा पार चुरा झाला होता, तरी पुडी तिने सोडली नव्हती.

तंबूतून साहेब माझ्यावर ओरडत आले. टीव्ही कोणी बंद केला, कोणाला विचारून केला. बाईकडे त्यांनी पाहिलंही नाही. कॅसेट मात्र त्याच वेळी कॅमेऱ्यातून काढून मागून घेतली, ‘रेकॉर्डसाठी’.

बाईचा खांदा नीट जुळला नाही. त्या वर्षी तिच्या धानाच्या बांधीत रोवणी दुसऱ्यांनी केली आणि ती कडेच्या धुऱ्यावर बसून राहिली. हात खांद्याच्या वर जाईना. केस तिची सून विंचरायची. ‘आता लहान लेकरू झाली मी,’ असं हसत म्हणायची, पण कंगवा हातात घेऊन बघायची आणि परत ठेवून द्यायची. ते मला बघवायचं नाही.

आमच्याकडे केबल होती. संध्याकाळी मालिका पाहायला ती यायची. एके दिवशी मालिकेच्या आधी गावच्या केबलवर एक फिल्म लागली. जत्रेचा बंदोबस्त किती चोख झाला ते दाखवणारी. लग्नाच्या कॅसेटला घालतात तसलं सनईचं संगीत, चांदण्या उडणारे इफेक्ट. साहेबांच्या गळ्यात हार, पाहुण्यांचं भाषण. मग वाट आली, जीपच्या टपावरून घेतलेली.

आणि बाई आली. हात वर, हातात पुडी, तोंड उघडं. तिच्याभोवती कोणीतरी फुलांची चौकट टाकली होती. चित्र तिथे हळू केलं होतं. भारदस्त आवाजातला माणूस सांगत होता की फिरत्या कॅमेऱ्याला पाहून भाविकांनी असा हात उंचावून आनंद व्यक्त केला.

अम्मीने तोंडावर पदर धरला. शरम नावाची चीज या लोकांच्या घरात कधी आलीच नसेल का?

बाई मात्र पुढे सरकून बघत बसली. बराच वेळ तिने त्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या मांडीवर पडलेल्या हाताकडे.

“मी टाटा नव्हती करून राह्यली वं बेटी,” ती म्हणाली. “माह्या जीव जाऊन राह्यला होता. यायले दिसलं नाई का?”

“दिसलं होतं, बाई.” मला खोटं बोलता आलं नाही. “मी तिथेच होते. दिसत होतं त्यांना.”

पडद्यावर टाळ्या वाजत होत्या. बाईने उठून टीव्हीकडे हात न्यायचा प्रयत्न केला. आमचा टीव्ही कपाटावर होता. हात अर्ध्यात थांबला.

“मले नाई पुरत,” ती म्हणाली. “त्या दिवशी केला होता न तू, तसा कर बंद.”