वेदीजवळची डावखुरी

रोममधल्या जुन्या वेद्या जर्वाझियोला तोंडपाठ होत्या. बैलांच्या कवट्या, शिंगांना अडकवलेले फळाफुलांचे हार, कोपऱ्यातली मेंढ्यांची डोकी, सारं तो मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरायचा आणि रेघा तांब्यात खोल खाव्यात म्हणून पत्रा तेजाबात सोडायचा. छापताना चित्र उलटं उमटतं, म्हणून आधी काढलेलं चित्र आरशासमोर धरायचं आणि आरशात बघून कोरायचं, अशी रीत. त्यात त्याचा जन्म गेला.

चुकला एकदाच. वेदीची उंची कळावी म्हणून शेजारी एखादं माणूस काढतात. त्या दिवशी बायको ओर्सोला घेवड्याच्या आमटीचं भांडं घेऊन आली, तर या पठ्ठ्याने तिलाच उभी केली आणि आरसा विसरून तिच्याकडे बघत थेट पत्र्यावर कोरली. ओर्सोला डावखुरी. छापलेल्या कागदावर भांडं उजव्या हातात गेलं.

"इतकी वर्षं माझ्या हातचं गिळतोस, आणि कुठल्या हातचं ते ठाऊक नाही होय रे!" ती हसून बेजार झाली.

"पत्र्यावर बरोबर आहेस की! तिथे बघत जा," तो म्हणाला.

पुढे ती तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. तिचं दुसरं चित्र त्याने कधी काढलंच नव्हतं. वेद्यांतून सवड होती कुणाला? पुसट झालेल्या रेघा उजळायला तो पत्रा हाती आला, की तेवढीच त्यांची भेट व्हायची.

तो ज्या छापचित्रांच्या दुकानात कामाला होता, तिथले थोरले मालक वारले आणि दुकान त्यांचा मुलगा प्लाचिदो बघू लागला. एका सकाळी त्याने तो पत्रा पुढे सरकवला.

"जर्वाझियोबाबा, ही बाई काढून टाका. परदेशी गिऱ्हाइकाला भांडंवाली नको, काठी घेतलेला साहेब हवा."

"असू द्या की, मालक. वेदीला शोभते."

"एवढी कोण लागून गेली? बायको आहे का तुमची?" प्लाचिदो हसला. कारागीरही हसले.

हो म्हणायला काय लागत होतं? पण त्या हसण्यापुढे ओर्सोलाचं नाव घेववेना.

"कोणी नाही, मालक. उंची कळावी म्हणून उभी केली होती. मीच खरवडतो, दुसऱ्या कुणाला देऊ नका."

त्याने तिला आपल्या हाताने खरवडलं. आधी पाय, मग चेहरा, सगळ्यात शेवटी डावा हात. खरवडून पडलेला खळगा वर यावा म्हणून पत्रा पालथा घालून मागून हलके ठोके दिले, पुढून घासून गुळगुळीत केला, आणि आरशात बघून साहेब कोरला. यावेळी काठी बरोबर हातात आली.

दुपारी जेवून सगळे आडवे झाले, तेव्हा त्याने जुन्या छापांतला एक कागद काढून आरशासमोर धरला. आरशात ओर्सोला डावखुरी होती, हातात आमटीचं भांडं, जशी आली होती तशी. कागदाच्या वर त्याचं स्वतःचं म्हातारं तोंड दिसत होतं.

"बायको आहे माझी, मालक," तो म्हणाला.

पलीकडे प्लाचिदो घोरत होता.