जानरावाने चुकवलेला महसूल

केनवडच्या जानरावाने आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. जिनातल्या यंत्रांना तेल घातलं, आणि सरकारला, गावाला, देवाला द्यायचा पैसा चुकवला. पहिलं काम हलकं होतं. दुसऱ्यात त्याने खरी मेहनत घेतली. तेवढी मेहनत आम्ही कापसाचे बोरे उचलताना घेतली असती, तर जिनाच्या मालकाने आम्हाला हार घालून फिरवलं असतं.

मी किन्हीराजा गावचा; ते आणि केनवड दोन्ही वऱ्हाडात. हिंगोलीच्या त्याच जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होतो. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्या बोलण्यात मोगलाईत. इकडे वऱ्हाडात इंग्रज. कागदावर वऱ्हाडही निजामाचंच आहे असं शिकलेले लोक सांगत. पण मोगलाईचा रुपया घेऊन वऱ्हाडच्या बाजारात गेलं, तर भाजीवालीसुद्धा तो परत करायची. मोगलाईचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. शिवेवर नाका होता, आणि एका राज्यातून दुसऱ्यात माल नेला की तिथे महसूल भरावा लागे.

जानराव आणि त्याची बायको रंगूबाई दिवाळीनंतर हिंगोलीला येत, जिन बंद झाला की पावसाळ्याला केनवडला परतत. वीस वर्षं हा क्रम चालला. ह्या ये-जा करण्याचा जानरावाने चांगला उपयोग केला. हिंगोलीत कोणी हनुमानाच्या देवळाची वर्गणी मागायला आलं की तो म्हणे, "आमी वऱ्हाडातले. आमचा देव तिकडे." केनवडला पाटलाचा माणूस विहिरीच्या दोरीची वर्गणी मागायला आला की म्हणे, "आमी मोगलाईत कमावतो. चार महिन्याचे पाहुणे हाओत." दोन्हीकडचं पाणी प्यायला. दोरीला पैसा कुठेच दिला नाही.

तो तेलवाला होता. हातात तेलाची झारी घेऊन फिरायचं आणि यंत्र कुरकुरलं की दोन थेंब टाकायचे. संध्याकाळी मात्र असा कण्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यानेच यंत्र ओढलं. रंगूबाई रेच्यावर बसायची. रेचा म्हणजे सरकी वेगळी करणारं यंत्र. समोर बसून दिवसभर त्याच्या तोंडात कपाशी भरायची, नाकात-घशात कापूस, आणि लक्ष ढळलं तर बोटं जायची. तिची दोन बोटं पेरापासून गेली. तिचा आठवड्याचा पगारही जानराव आपल्या हाताने घेई. बाईच्या हातात पैसा टिकत नाही, असं त्याचं मत होतं. टिकतो की नाही हे त्याने कधी देऊन पाहिलं नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. एका वर्षी जानरावाचे गुडघे गेले. रंगूबाईला दम लागू लागला. आता कायमचं केनवडला जायचं आणि साठवलेल्या पैशावर म्हातारपण काढायचं ठरलं. साठवलेले सगळे हाली रुपये खोलीत चुलीखाली मडक्यात पुरलेले. ते शिवेपलीकडे कसे न्यायचे, एवढाच प्रश्न होता.

रिसोडचे नेमीचंद शेट कापूस घ्यायला हिंगोलीला येत. त्यांनी सरळ वाट सांगितली. "जानराव, हाली मले द्या. बाजारभावानं कलदार देतो. केनवडले जाऊन पोष्टात टाका. व्याज येईन."

"शंभराचे किती देता?"

"पंच्याऐंशीच्या वर."

"म्हंजे पंधरा तुमी खाता."

"मी नाई खात बाप्पा. भावच तसा हाय. तुमचा हाली हलका, कलदार भारी."

"रुपया तो रुपया. त्याच्यात हलका-भारी काय? माणसाले धोतर बदललं म्हणून तो अर्धा होते का?"

"मग ठेवा चुलीखाली," शेट म्हणाले. "सरपण मोगलाईचंच वापरा म्हंजे झालं."

पोस्टाचं तर जानरावाने नावच काढू दिलं नाही. पोस्टात टाकलं की इंग्रजाला कळतं, कळलं की तो कर लावतो, असं त्याचं गणित होतं. जिनाचे मालक कर भरत होते, त्यांनाही ह्या गणिताची एवढी धास्ती नव्हती.

महिनाभर विचार करून त्याने तोड काढली. मला बोलावून हळूच सांगितली. "हाली नेलं तर बदलताना बट्टा जाते. माल नेला तर महसूल जाते. पण बाईच्या अंगावरच्या डागिन्याले बट्टाई नाई अन् महसूलई नाई. चांदी दोन्ही राज्यात चांदीच. सगळ्याची चांदी करतो अन् हिच्या अंगावर घालून नेतो. कसं काय?"

मी म्हटलं, "सोनार घडणावळ घेईन ना."

"घेईन थोडीशी."

सोनाराने थोडीशी घेतली नाही. नेमीचंद शेटांना द्यावं लागलं असतं त्याच्याजवळपासच घेतली. पण ते जानरावाला सलत नव्हतं. सोनाराला दिलं ते आपण दिलं. शेटाला दिलं असतं तर ते त्याने नेलं असतं. अशा माणसाशी कोणी वाद घालू नये.

चांदी झाली सहा-सात शेर. पायात तोरड्या, त्यावर वाळे, हातात गोट, दंडात वाक्या, कमरेला पट्टा, गळ्यात हसळी. रंगूबाई अंगाने काडी होती. सगळं चढवल्यावर ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. जानराव म्हणाला, "सवय होईन."

गाडीचं भाडं वाचावं म्हणून पायी निघालो. मलाही गावी जायचं होतं, म्हणून मी सोबत. त्यांचं भांड्यांचं बोचकं माझ्या डोक्यावर. चांदी रंगूबाईच्या अंगावर. जानरावाच्या हातात छत्री. वाटेत दोनदा तो म्हणाला की पाय दुखून राह्यले. सेनगाव मागे पडेपर्यंत रंगूबाईच्या घोट्यांना तोरड्यांनी सोलून काढलं होतं. तिने पदराची चिंधी फाडून आत कोंबली आणि चालत राहिली. मी ओझं उचलण्यात जन्म घालवला आहे. ओझं डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर उचलतात. पायाच्या हाडावर ओझं उचललेलं मी त्या दिवशीच पाहिलं.

नाक्यावर भाऊसिंग जमादार होता. त्याने रंगूबाईला खालून वर पाहिलं, मग जानरावाला पाहिलं.

"पाटील, बाई चालली का सराफा चालला?"

"बायको हाय माझी."

"अन् चांदी कोणाची? तुमची असन, विकायले नेत असान, तर माल झाला. महसूल भरा. तिची असन तर जा."

"तिचीच हाय."

"तुमी घडवली?"

"नाई बा. माहेरची हाय तिच्या. माझा छदाम नाई त्याच्यात."

भाऊसिंगने एक तोरडी निरखली. कालच झिलई दिलेली, ओरखडासुद्धा नाही. "लई जपून वापरली बाईनं. काल लगन झाल्यासारखी दिसते." बाकीचे शिपाई हसले. "चला, उचला बेलभंडार."

नाक्याशेजारी महादेवाचं देऊळ होतं. गुरवाने बेलाचं पान आणि चिमूटभर हळद आणून जानरावाच्या हातावर ठेवली. बेलभंडार उचलून खोटं बोललं तर घर बसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. जानरावाने डोळे मिटले आणि मोठ्याने सांगितलं की ही चांदी रंगूबाईची, तिच्या बापाने दिलेली, माझा ह्या चांदीवर आज हक्क नाही, पुढेही नाही. पुढचं कोणी विचारलं नव्हतं. चुकवायच्या कामात तो कधी हात आखडता घेत नसे.

भाऊसिंगने मला विचारलं, "ऐकलं ना तू?"

"ऐकलं," मी म्हटलं.

रंगूबाई उन्हात उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "म्या बी ऐकलं."

शीव ओलांडल्यावर जानराव इतका खूश होता की त्याने छत्री मिटून खांद्यावर घेतली. "दोन राज्यं, दोन सरकारं. एकाले दमडी देल्ली नाई," तो म्हणाला. घरी पोचल्यावर त्याने मला गूळ-पाणी दिलं. गूळ शेजारच्या कस्तुराबाईकडून उसना आणला होता.

दुसऱ्या दिवशी मी निघणार, तेवढ्यात जानराव रंगूबाईला म्हणाला, "काढ आता. थोडी मोडतो. राह्यली ते पुरून ठेवतो."

रंगूबाई घोट्यांना तेल-हळद लावत होती. "काय काढू?"

"डागिने."

"काहून?"

"काहून म्हंजे? माझे हाय."

"असं बोलू नका," ती शांतपणे म्हणाली. "बेलभंडार उचलला तुमी. आता ते माहे नाई म्हटलं तर शपथ खोटी पडन. मले तुमच्या जिवाची काळजी हाय."

जानराव ओरडला नाही. त्याला वाटलं, बाई थट्टा करते. आठ दिवसांनी त्याला कळलं की ती थट्टा नव्हती. मग त्याने पंच बसवले आणि साक्षीला मला निरोप धाडला. मी एक दिवसाची मजुरी बुडवून गेलो. ती मजुरी मला कोणी दिली नाही.

रामराव पाटील पारावर मधे बसले होते. त्यांनी जानरावाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण तू तर मोगलाईतला माणूस ना? विहिरीच्या वर्गणीले चार महिन्याचा पाहुणा होता. पाहुण्याचा न्याय आमी कसा करावा?"

लोक हसले. जानराव म्हणाला, "आता कायमचा आलो ना."

"बरं, आलास. आता सांग. नाक्यावर बेलभंडार उचलला ते खरं होतं का खोटं? खरं असन तर चांदी तिची. उठ, घरी जा. खोटं असन तर चांदी तुही. पण मग खोटी शपथ झाली. त्याचं प्रायश्चित्त गावजेवण. सगळं गाव, अन् वरण-पोळी नाई चालणार, तूप लागन."

जानरावाने हिशोब केला असावा. गावजेवणात चांदी जात होती; शपथ पाळली तरी जात होती. एकात गाव जेवत होतं, दुसऱ्यात जेवत नव्हतं. तेवढ्यावर त्याने ठरवलं.

"खरं होतं," तो म्हणाला.

पाटलांनी रंगूबाईकडे पाहिलं. "तुले काही म्हणाचं हाय, बाई?"

"माहेरची नव्हती ते," रंगूबाई म्हणाली. "माह्या बापाजवळ लोखंडाची पळीबी नव्हती. ते माह्या ह्या बोटांची हाय." तिने पंजा वर केला. कोणी हसलं नाही. रामरावांनी पागोटं सारखं केलं आणि पंच उठले.

पुढे ती एकेक डाग नेमीचंद शेटांकडे नेत गेली. कमरपट्ट्याची म्हैस आली, गोटांचा गोठा झाला. विहिरीच्या दोरीची वर्गणी तिने मागच्या सालांचीही दिली. उरलेले कलदार पोस्टात टाकले. इंग्रजाने कर लावला नाही.

पाचेक वर्षांनी केनवडच्या बाजाराला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. जानराव म्हैस चारून परतत होता. चांगली चारली होती. पोट भरलेलं, अंग धुतलेलं. कामात खोट नव्हती, ते मी मान्य केलं. रंगूबाईच्या पायात अजून एक तोरडी होती आणि दुसऱ्या पायाच्या घोट्यावर पांढरा वण.

"तंबाखूले पैसा दे," जानराव म्हणाला.

तिने कनवटीतून एक आणा काढून त्याच्या हातावर ठेवला. जानराव उंबऱ्याजवळच्या दगडापाशी वाकला, आणा दगडावर आपटला, कान देऊन ऐकलं. नाणं चांगलं वाजलं. मग तो दुकानाकडे निघाला.

"आज विहिरीची वर्गणी बी मागायले येणार हायेत," रंगूबाईने मागून आवाज दिला. "वाटेत भेटले तर पाहुणा हाओ म्हणू नका."