जागा हाय आमची

"हाय की! जागा हाय आमची! विहाराच्या मागं, चिंचंपाशी!"

माझा बाप, अप्पा, मुडबीच्या पंचायतीत असा ओरडला, की बसवकल्याणच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असतील. मी त्याचा सदरा ओढला. कारण त्याच्या एक श्वास आधीच मी घरकर्जाच्या साहेबाला सांगून बसलो होतो, "आमाला वीतभर जागा न्हाई." घराचं सरकारी कर्ज गरिबाला, आणि जागेवाला गरीब कसा, असा माझा हिशेब.

गंमत बघा. कोळारला मी कामाला हाय त्या कारखान्यात गप्पा मारताना हीच जागा मी इतकी वाढवून ठेवलीय, की या टोकाला कोंबडं आरवलं तर त्या टोकाला दुसऱ्या दिवशी ऐकू जातं. खरं म्हणजे तीन शेळ्या बसल्या की चौथीला उभं राहावं लागतं. आजानं ती माझ्या नावावर केलेली. गाव सोडलं त्या सकाळी अप्पा बसमागं ओरडत आला होता, "कुठंबी जा, जागा इकू नको!" विकली नाही. आज तोंडानंच पुसून टाकत होतो.

साहेबानं चष्म्यावरून बघितलं. "खोटं कामून बोलायलास? जागा असली तरच हे कर्ज मिळतंय. पक्कं घर तेवढं नसावं."

बिदरच्या जेलात मला कोणता कोपरा मिळेल, हे मी ठरवत होतो.

"कशाचं पक्कं?" अप्पा म्हणाला. "वारं सुटलं की पत्रा धरून बसतो म्या."

साहेब हसला. मग म्हणाला, "ज्याचं कर्ज, त्यानंच घरात ऱ्हायचं. मी येऊन बघत असतो. कोण ऱ्हाणार?"

कोळारची खोली, बायकोची शिफ्ट, पोरीची कन्नड शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नाही म्हणावं, तर अप्पा पत्रा धरून बसलेलाच.

"मीच, साहेब."

जन्मभर थापा मारल्या, पण घाम फुटला तो याच एका थापेला. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही खुशाल हसा. पुण्या-हैदराबादला गेलेले हसणार नाहीत. घर कुठलं, असं कुणी विचारलं की त्यांनाही असाच घाम फुटत असेल.

बाहेर आल्याआल्या मी विचारलं, "अप्पा, साहेब बघायला आला आन् मी घावलो न्हाई तर?"

अप्पानं चपला घातल्या.

"मग ऱ्हा."