बकुळाताईंचे वाहते डोळे

नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीतली कितीतरी लग्नं बकुळाताईंनी लावली. बाई बौद्धाचार्या म्हटल्यावर सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली, पण त्यांचा खडा आवाज एकदा ऐकला की मंडळी पुढच्या लग्नालाही त्यांनाच बोलवायची.

साठी उलटली आणि त्यांचे डोळे वाहू लागले. दुःख ना कसलं, पंख्याचा वारा लागला तरी धारा. लग्नात गाथा म्हणताना त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं, की नवरीची आई हुंदके द्यायची, मग मावश्या, मग करवल्या. एकदा तर नवरदेवाचाच धीर सुटला. इकडे चाळीतल्या बायका ताईंच्या मिस्टरांकडे, रामजीभाऊंकडे, संशयाने बघू लागल्या.

केमिस्टचे थेंब झाले, गुलाबपाणी झालं. शेवटी सून अक्षता त्यांना परळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पापणीच्या आतल्या कोपऱ्यातलं इवलंसं छिद्र दाखवलं. डोळ्यातलं पाणी तिथून नाकात उतरतं. ताईंच्या दोन्ही डोळ्यांची छिद्रं जवळपास बुजली होती. बाईंनी ती जरा रुंदावून आत सलाईनचं पाणी सोडलं.

"घशात खारट लागतंय?"

ताईंनी होकार दिला.

"मग पुढची नळी मोकळी आहे. फक्त छिद्राचं तोंड जरासं कापून मोठं करायचं."

डोळ्याजवळ कात्री येणार म्हटल्यावर ताई टाळाटाळ करू लागल्या. अक्षताने समजावलं, उपयोग झाला नाही. मग रामजीभाऊ म्हणाले, "लग्नातल्या रडवेल्या पोरींना तू धीर देतेस ना? आज मी देतो. बाहेर बसून राहीन, हलणार नाही."

ऑपरेशनला भूल तेवढ्या जागेपुरती होती. कात्रीची कचकच ऐकू आली, दुखलं नाही. ताई मनात त्रिशरण म्हणत होत्या, ते ओठांवर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणा मोठ्याने, फक्त डोकं हलवू नका." सगळं आटोपून त्या बाहेर आल्या तेव्हा रामजीभाऊ बाकावर डुलक्या घेत होते, पण जागचे हलले नव्हते.

काही दिवस मलम घातलं. पाणी थांबलं. डावा डोळा जोराच्या वाऱ्यात अजून थोडा पाझरतो. छिद्र पुन्हा आकसू शकतं, म्हणून तपासणीला जावं लागतं. ताईंची त्याला हरकत नाही.

परवा डॉक्टरीणबाईंची परवानगी घेऊन अक्षताने त्यांना काजळ घातलं. रामजीभाऊ बघतच राहिले. "कुठे निघालीस?"

"कुठे नाही," ताई म्हणाल्या, "चहा टाकतेय. घेणार?"