तिसरं वचन बायकांचं

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला बारा ते तीन हिंदीत उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेली सात वचनं, आणि त्यांवर बोलणारे सात जण. सहा पुरुष, एक बाई. बाईला कायम तिसरं वचन, कारण त्यात येशूची आई आहे. जगाचं तारण तेवढं पुरुषांनी सांगायचं आणि आम्ही आईचं रडणं सांगायचं! यंदा ते मला दिलं होतं. मी शाळेत शिकवते, बोलायला भीत नाही, एवढंच कारण. काय बोलणार ते आधी पाद्रीसाहेबांना लिहून दाखवावं लागतं. मी ममतेवर दीड पान खरडलं. ते म्हणाले, "बहुत सुंदर, टीचरजी."

त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण देपालपूरहून आईकडे आली. मनगटाला प्लॅस्टर. नवऱ्यानं हात पिरगळला होता, आणि सासरचे सगळ्यांना सांगत होते, बाथरूममध्ये घसरली.

पाद्रीसाहेब चर्चच्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आईकडे आले. पोहे खाल्ले, वरून शेव मागून घेतली, आणि हात पुसत म्हणाले, "बेटी, अपना क्रूस तो सबको उठाना पड़ता है।" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाचा क्रूस हो? हात त्याचा, मनगट हिचं, आणि नाव ख्रिस्ताचं! आई मान डोलवत होती. ठरलं असं की शुक्रवारी जावई चर्चला येतील आणि उपासना झाली की हिला घेऊन जातील.

मी मात्र तोंडातून अक्षर काढलं नाही. का, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी ती अशीच आली होती, फुटलेला ओठ घेऊन. तेव्हा हेच वाक्य मी तिला ऐकवलं होतं, तेही ताईपणाच्या तोऱ्यात. आपला वधस्तंभ आपणच उचलायचा असतो, म्हणाले, आणि बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून पाण्याची बाटलीसुद्धा दिली, जशी काही ती सहलीलाच निघाली होती. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते मला.

गुरुवारी मी दोघींच्या पांढऱ्या साड्यांना इस्त्री करत होते. गुड फ्रायडेला आम्ही पांढरंच नेसतो. ती म्हणाली, "ताई, देवाला खरंच हेच हवंय का गं?" मी इस्त्री फिरवत राहिले.

शुक्रवारी जावई पुरुषांच्या बाजूला बसले होते, डोळे मिटून, मोठे भक्त! हिची बॅग आईनं सकाळीच भरून त्यांच्या गाडीत ठेवली होती. माझी पाळी आली. मी कागद उघडला. ममता, ममता, ममता. मला माझ्याच अक्षराची किळस आली. कागदाची घडी घातली आणि हिंदीत सुरुवात केली, पण चार वाक्यांत मराठीच तोंडात आली.

म्हटलं, वधस्तंभावर येशूला श्वास घेता येत नव्हता, तरी त्यानं खाली आईकडे बघितलं. तूही सोस, असं तिला म्हणाला नाही. शेजारी उभ्या शिष्याच्या हवाली केलं तिला, आणि तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. मरता मरता त्यानं एका बाईची राहायची सोय केली! वधस्तंभ त्यानं स्वतःहून घेतला. दुसऱ्याच्या पाठीवर तो लादणारे शिपाई होते, आणि दोन वर्षांपूर्वी मी त्या शिपायांत होते. आज माझी बहीण देपालपूरला जाणार नाही. मी एकटी राहते, दोन खोल्या आहेत, ती माझ्याकडे येईल.

कुणीतरी खोकलं. चौथ्या वचनाचे गृहस्थ घाईघाईनं उठले आणि आपला कागद वाचायला लागले.

आमच्याकडे त्या दिवशी उपासना संपली की कुणी कुणाशी बोलायचं नसतं. हात मिळवायचा नाही, गप्प घरी जायचं. इतक्या वर्षांत त्या नियमाचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. वडीलधारे दारात ताटकळले, पाद्रीसाहेबांचा चेहरा लाल झाला, पण बोलतात कसे! जावयांनी गाडीचं दार उघडून धरलं आणि हिच्याकडे बघत राहिले. ती माझ्या स्कूटीजवळ उभी होती.

तेवढ्यात आई त्या गाडीकडे निघाली. वाटलं, आता ही बहिणीला गाडीत बसायला हाक मारणार. आईनं आत वाकून बॅग ओढून काढली, दोन्ही हातांनी उचलून आणली आणि माझ्या पायांशी ठेवली. मग सगळ्यांच्या देखत, नियम मोडून, मोठ्यानं मला म्हणाली, "गाडी हळू चालव. हिचा हात दुखतोय."